शोमध्ये ठेवण्यासारखी फ्लीस हवी असेल तर मेंढी कोणती घ्यायची आणि सांभाळायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही न्यूझीलंडमध्ये कँटरबरीत, अ‍ॅशबर्टनच्या बाजूला दहा एकर घेतलंय, थोडी मेंढरं ठेवून चांगली लोकर काढायची, स्वतः कातून स्वेटर-शाली करायची इच्छा आहे, जमलं तर पुढच्या वर्षी जवळच्या ए अँड पी शोमध्ये (इथलं शेती-पशुपालनाचं प्रदर्शन) फ्लीस, म्हणजे एका मेंढीची कातरलेली अख्खी लोकर, ठेवून बघायची, तर मेरिनो जातीचीच मेंढी घ्यावी का, मेंढ्यांना कोट घालावेत का, जज नेमकं बघतो तरी काय आणि यातून पैसे किती सुटतात. मी इथे बरीच वर्षं वूलशेडमध्ये (मेंढ्या कातरायची शेड) काम केलंय, आता घरची कॉरिडेल जातीची मेंढरं आहेत, थोडी पांढरी थोडी काळी, आणि मूळचा माणदेशातला असल्यामुळे मेंढरं लहानपणापासून बघतोय. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी जजचं सांगतो कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात. बहुतेकांना वाटतं की जो सगळ्यात मऊ तो पहिला. तसं अजिबात नसतं. शोमध्ये वर्ग पाडलेले असतात, मेरिनोचा वेगळा, मधल्या जाडीचा वेगळा, रॉमनीसारख्या भरड लोकरीचा वेगळा, रंगीत मेंढ्यांचा वेगळा, त्यामुळे रॉमनीला कोणी मेरिनोइतकं मऊ असायला सांगत नाही. प्रत्येक वर्गात बघतात ते हे की ती लोकर आपल्या जातीला शोभते का, आणि खांद्यापासून मांडीपर्यंत, मुळापासून टोकापर्यंत एकसारखी आहे का. हा एकसारखेपणा म्हणजेच सगळा खेळ. तो कातरायच्या दिवशी आणता येत नाही, स्कर्टिंग (कडेची खराब लोकर काढणं) कितीही छान करा, तो बारा महिने पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेलं चराऊ रान) तयार होतो, खरं तर थोडा मेंढीच्या पोटात असतानाच तयार होतो, त्याचं पुढे सांगतो.

जज टेबलापाशी आला की आधी लांबून पूर्ण फ्लीसकडे बघतो, मग खांद्याची एक बट काढतो, एक बरगडीच्या मधली, एक मांडीची. तिन्ही शेजारी शेजारी ठेवतो. लांबी सारखी आहे का, क्रिंप म्हणजे ती बारीक नागमोड सारखी आहे का, मांडीची बट केसाळ तर नाही झाली. मग बटेची दोन्ही टोकं चिमटीत धरून कानाजवळ नेतो आणि ताणून मधल्या बोटाने टिचकी मारतो. लोकर धडधाकट असेल तर तार छेडल्यासारखा स्वच्छ आवाज येतो, कमकुवत असेल तर बारीक चर्र असं फाटल्यासारखं ऐकू येतं आणि कधी कधी तिथल्या तिथे दोन तुकडे होतात. तसं झालं की फ्लीस दिसायला कितीही सुंदर असो, बक्षिसाचं विसरा, कारण कातणाऱ्या बाईच्या हातात ती तुटतच राहणार, कार्डिंगला (लोकर पिंजताना) गाठी होणार. अशा कमकुवत लोकरीला इथे टेंडर म्हणतात. त्यानंतर बट उजेडात उघडून रंग बघतो, धूळ टोकापासून किती आत गेलीये ते बघतो, कोंडा आहे का, कुसळं आहेत का, आणि शेवटी तळहातावर घेऊन दाबतो. हे सगळं फार पटकन होतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की यांनी नीट बघितलंच नाही.

लोकरीची एक बट म्हणजे त्या मेंढीचा वर्षभराचा सातबारा असतो. मेंढी आजारी पडली, ताप आला, उन्हाळ्यात गवत संपलं आणि तुम्ही पंधरा दिवस उशिरा हे टाकलं (हे म्हणजे वाळलेलं गवत, इथे रहायला लागल्यापासून तोंडात तेच बसलंय), एका पॅडॉकमधून एकदम हिरव्यागार पॅडॉकमध्ये सोडलं, जंत झाले, कुत्रा मागे लागला, सगळं तिथे उमटतं. खायला कमी पडलं की केसाचा धागा त्या काळात बारीक वाढतो, भरपूर मिळालं की जाड वाढतो. एकाच धाग्यात जाड-बारीक-जाड झालं की बारीक जागी तुटतो. म्हणून चांगलं खाऊ घालणं आणि सपाट खाऊ घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोसाठी मेंढी लठ्ठ करून उपयोग नाही, वर्षभर अंगाने एकसारखी राहिली पाहिजे. कँटरबरीच्या सपाटीवर पाऊस सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच म्हणा, फक्त पडतो बारा महिने थोडा थोडा. सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे इथल्या वसंतात, गवत इतकं येतं की मेंढ्यांना संपत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, नॉर-वेस्टर (वायव्येकडचा गरम कोरडा) वारा सुटला की आठवड्यात सगळं पिवळं. तेव्हा वसंतात पॅडॉकचे भाग पाडून चारायचं, जास्तीचं कापून गाठी बांधून घ्यायच्या, आणि उन्हाळ्यात गवत संपायच्या आधीच हळूहळू द्यायला सुरुवात करायची.

आता जातीचं. मेरिनो घेऊ का? माझं मत, पहिल्या वर्षी नको. मेरिनो म्हणजे साधारण २४ मायक्रॉनच्या खालची बारीक लोकर (आपल्या डोक्याचा केस सत्तरच्या आसपास असतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दिसायला देखणी, पण तिचं इथलं घर म्हणजे सेंट्रल ओटॅगो, मॅकेन्झी, मार्लबरोचे कोरडे डोंगर. सपाटीवर ओलसर मऊ जमिनीत तिची खुरं सडतात, फुटरॉट एकदा कळपात शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात. शिवाय अंगावर लोकर दाट आणि तेलकट, पावसात भिजली की लवकर वाळत नाही, मग कातडीवर बॅक्टेरिया वाढून फ्लीस रॉट होतो, लोकरीवर हिरवट-पिवळे पट्टे येतात जे धुवून जात नाहीत, आणि त्या वासावर माशा येतात. तुमची जमीन खडकाळ, निचऱ्याची असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या टोकाला रॉमनी, ३३ ते ३७-३८ मायक्रॉन, ओल सोसते, खुरं चांगली, लोकरीला चमक, पण अंगाला लागून घालायचं काही करायचं असेल तर टोचते. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचे धागे कातडीला टोचतात असं धरून चालतात, लोकरीच्या टेस्टमध्ये कम्फर्ट फॅक्टर म्हणून जो आकडा येतो तो म्हणजे ३० च्या खालचे धागे किती टक्के.

मधलं घ्यायचं तर कॉरिडेल. ही तर तुमच्याच भागातली जात म्हणायची, नॉर्थ ओटॅगोत कॉरिडेल नावाच्या स्टेशनवर (इथे स्टेशन म्हणजे मोठं मेंढ्यांचं फार्म) जेम्स लिटल याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंकन जातीचा मेंढा आणि मेरिनो मेंढ्या यांचा संकर करून, मग संकरातलीच आपापसात लावून ती स्थिर केली. साधारण २५ ते ३१ मायक्रॉन, बटेची लांबी आठ-बारा सेंटीमीटर, क्रिंप स्पष्ट, आणि एका मेंढीची फ्लीस चार-पाच किलो सहज निघते. स्वभावाने शांत. नवीन माणसाला हीच बरी पडते, कातणारे पण खूश असतात. काळी-करडी रंगीत कॉरिडेल पण मिळतात, हातकताई करणाऱ्यांमध्ये त्यांना मागणी चांगली आहे.

इथे एक विषयांतर करतोच. आपल्याकडची मंडळी कधी फोनवर विचारतात की दख्खनी मेंढीची लोकर तुमच्या शोमध्ये कितव्या नंबरला येईल. अरे बाबांनो ती घोंगडीसाठीची लोकर आहे. भरड, आखूड, त्यात केस मिसळलेले, वर्षाला किलोच्या आतच निघणार, मेरिनोच्या मोजपट्टीवर ठेवली तर नापासच. पण तीच लोकर मागावर चढवून, चिंचोक्याची खळ लावून जे घोंगडं होतं ते पावसात डोक्यावर घेऊन मेंढका दिवसभर रानात उभा राहतो. मेरिनोचं घोंगडं करून बघा, दोन सिझन टिकणार नाही. मुद्दा एवढाच की आधी लोकरीचं काय करायचंय ते ठरवा, मग जात निवडा. तुम्ही लिहिलंय की स्वतः कातून स्वेटर, शाली करायच्यात, म्हणून कॉरिडेल म्हणतोय. गालिचा विणायचा असता तर रॉमनी सांगितलं असतं.

किती आणि कुठली घ्यायची याबद्दल माझा सल्ला जरा लोकांना विचित्र वाटतो. पहिल्या वर्षी गाभण मेंढ्या घेऊच नका, सहा-सात खच्ची केलेले नर घ्या, इथे वेदर म्हणतात, दोन दाती वयाचे, म्हणजे एक-दीड वर्षाचे. कारण लोकरीला सगळ्यात मोठा झटका बसतो तो व्यायच्या वेळी आणि दूध पाजताना. शेवटचे दीड-दोन महिने पोटातलं कोकरू आणि नंतर कास, दोघं मिळून मेंढीच्या अंगातलं सगळं ओढून घेतात, लोकरीच्या वाट्याला उरतं ते उरतं. वेदरला ना गाभ ना पान्हा, वर्षभर सपाट, त्यामुळे त्याची फ्लीस सगळ्यात धडधाकट आणि एकसारखी येते. कातणारे लोक वेदरच्या फ्लीस शोधत फिरतात. आणि तुम्हाला पण पहिल्या वर्षी रात्री दोनला उठून अडलेली मेंढी सोडवायची वेळ येत नाही.

पुढे कोकरं करायचीच असतील तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक म्हणजे इथले मोठे फार्मवाले बरेचदा व्यायच्या आधी कातरतात, त्याचं कारण असं की कमकुवत जागा जी यायची ती येतेच, पण आधी कातरलं तर ती बटेच्या एकदम टोकाला पडते, मधे पडत नाही, आणि टोकाला पडली तर नुकसान कमी होतं. दुसरं म्हणजे मी वर म्हणालो ते पोटातलं. मेंढीच्या कातडीत लोकरीची मुळं दोन प्रकारची असतात, मुख्य आणि दुय्यम, आणि लोकरीचा दाटपणा-बारीकपणा दुय्यम मुळांवर अवलंबून. मेरिनोत एका मुख्य मुळामागे वीसेक दुय्यम असतात, इतर बऱ्याच जातीत पाच-सहा. ही दुय्यम मुळं गाभाच्या शेवटच्या काळात आणि जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यात तयार होतात. त्या काळात आई उपाशी राहिली तर कोकराची मुळं कमी बनतात, आणि नंतर त्याला सोन्याचं गवत घातलं तरी ती भरून निघत नाहीत, जन्मभर फ्लीस हलकी. जुळ्यांची लोकर एकट्यापेक्षा थोडी कमी भरते ती पण याचमुळे.  

कोट घालावेत का, तर शोसाठी आणि कातणाऱ्यांना विकण्यासाठी हो, पण घालून विसरून जाणार असाल तर अजिबात घालू नका. पातळ नायलॉनचे असतात. फायदा असा की पाठीवर कुसळं, धूळ, बिडीबिडचे (अंगाला चिकटणारं इथलं तण) काटे बसत नाहीत आणि रंगीत मेंढीची टोकं उन्हाने तांबूस होत नाहीत, काळी ती काळीच राहते. तोटा असा की लोकर वाढते तसा कोट घट्ट होतो, वर्षात दोनतीन वेळा मोठ्या मापाचा घालावा लागतो, नाही बदलला तर खांद्यावर घासून लोकरीचा नमदा होतो, जी जागा सगळ्यात चांगली असते नेमकी तीच जाते. शिवाय पाय अडकून मेंढी पडून राहू शकते, म्हणून रोज एक चक्कर पाहिजेच. कोट घातला तरी मान उघडीच असते, आणि मानेत कचरा जातो तो चाऱ्यातून. उंच गव्हाणीत गवत ठेवलं की मेंढी खालून ओढते आणि सगळा भुसा मानेवर पडतो. जमिनीलगत, खालीच द्या. आणि मेंढ्यांच्या गर्दीत घुसून डोक्यावरून गवत फेकायची सवय असेल तर आजच सोडा. गाठींची निळी-नारिंगी प्लास्टिकची सुतळी पॅडॉकमध्ये पडू देऊ नका, तिचा एक धागा लोकरीत गेला तर तो रंगही घेत नाही आणि कार्डिंगमध्ये सगळीकडे पसरतो.

तब्येतीचं उरकतो कारण त्यासाठी तुमचा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) आहे. जंताचं औषध कॅलेंडर बघून देऊ नका, लेंड्यांची टेस्ट करून द्या. फाइव्ह इन वन (पाच रोगांवरची एकच) लस मेंढ्यांना द्या. न्यूझीलंडच्या बऱ्याच भागातल्या मातीत सेलेनियम कमी असतं, ते विचारून घ्या. गाईचं किंवा अल्पाकाचं खाद्य मेंढीला घालू नका, त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, साठत जातं आणि एक दिवस मेंढी अचानक मरते. उवा दिसल्या, मेंढी कुंपणाला अंग घासायला लागली की लगेच बघा, कारण घासलेली लोकर ओढलेली, गुंतलेली होते. उन्हाळ्यात दमट हवेत माशांचं भय, शेपटीखाली घाण लागलेली लोकर वेळेवर काढली तर अर्धं काम होतं. खूण करायची तर लोकर धुताना निघून जाणाऱ्या मार्करनेच, आणि तीही तोंडावर करा, पाठीवर कधीच नको. पाठीवर ओतायच्या औषधातही काहींना निळा रंग असतो, पांढऱ्या फ्लीसवर तो डाग तसाच राहतो.

कातरायच्या आधी एकदा टेस्ट करून घ्या, पैसे फार लागत नाहीत. शेवटून तिसऱ्या बरगडीवर, पाठ आणि पोट यांच्या मधोमध, थोडी लोकर कातडीलगत कापून पाकिटात घालून लॅबला पाठवायची. सरासरी मायक्रॉन तर येतोच, पण त्यापेक्षा मी बघतो ते धाग्यांमधला फरक किती आहे ते. सरासरी २७ आलं पण त्यात १८ पासून ४० पर्यंत सगळे धागे असतील तर ती फ्लीस हाताला खरखरीतच लागणार.

कातरायचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून मेंढ्या उपाशी ठेवा, पोट रिकामं असलं की मेंढीला त्रास कमी आणि लोकरीवर लेंड्या-मूत नाही. मेंढी कोरडी पाहिजे, ओली कातरली तर लोकर पिवळी पडते, गरम होते. पांढरी आधी, काळी शेवटी, आणि मधे कातरायच्या जागेच्या फळ्या झाडून घ्यायच्या. थोड्या मेंढ्यांसाठी शिअरर (कातरणारा) मिळणं हेच अवघड, त्यामुळे शेजाऱ्याच्या मेंढ्यांबरोबर ठरवा, चार पैसे जास्त द्या आणि आधीच सांगा की शोची फ्लीस आहे, घाई नको, दुसऱ्यांदा मशीन फिरवू नका. एकदा कापल्यावर राहिलेला खुंट साफ करायला पुन्हा मशीन फिरवलं की जे अर्ध्या-पाव इंचाचे तुकडे पडतात ते सगळ्या फ्लीसमध्ये मिसळतात, आणि जज हात घालतो तेव्हा पहिले तेच बोटाला लागतात. कँटरबरीच्या डोंगराळ भागात अजून हाताच्या कात्रीने कातरणारे आहेत, असा कोणी मिळाला तर सोडू नका, काम सावकाश पण लोकर सुंदर निघते आणि अंगावर थोडी राहते म्हणून मेंढी थंडीने काकडत नाही. कातरल्यावर दोनतीन दिवस हवामान बघा, दक्षिणेकडून थंड वारा-पाऊस आला तर नुकतीच कातरलेली मेंढी मरू शकते, आडोसा आणि पोटभर चारा तयार ठेवा.

फ्लीस जाळीच्या टेबलावर एकाच फेकीत, कापलेली बाजू खाली, अशी पसरायची, म्हणजे हलवल्यावर ते बारीक तुकडे फटीतून खाली पडतात. फेकणं पहिल्यांदा जमत नाही, जुन्या चादरीवर सराव करा. पोटाची लोकर वेगळीच काढलेली असते, ती यात नको. मग कडेने फिरत स्कर्टिंग. डाग, घामाच्या चिकट कडा, मानेतला कचरा, मांडीची केसाळ लोकर, गुंतलेलं काही असेल ते सगळं काढायचं. विकायच्या फ्लीसला लोक हात आखडता घेतात कारण वजन जातं, शोला तसं करू नका, शंका आली की काढा. मांडीच्या बाजूने गुंडाळत यायचं म्हणजे खांदा बाहेरून दिसतो. धुवायची नाही. कागदी किंवा कापडी पिशवीत, कोरड्या जागी, हवाबंद प्लास्टिकमध्ये कोंडली तर आतून घाम धरते. शोच्या दिवशी पारदर्शक पिशवीत द्या असं म्हणाले तर त्या दिवशी घाला.

आणि नियमाचा कागद नीट वाचा. साधारण बारा महिन्यांच्याच वाढीची फ्लीस चालते, दीड वर्षाची लांब लोकर नेली तर बाहेर. नावं काही आठवडे आधी द्यायची असतात. तुमच्याकडचे शो वसंतात, क्राइस्टचर्चचा मोठा शो नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कातरायचं धरून मागे हिशोब करा. जिवंत मेंढी रिंगणात न्यायची असेल तर तो वेगळा उद्योग आहे, तिथे तोंड, दात, पाय, चाल सगळं बघतात आणि जज बोटांनी खांदा, बरगडी, मांडी अशी तीन ठिकाणी लोकर उघडतो, मेंढीला दोर लावून शांत उभं राहायला शिकवायला महिने लागतात. पहिल्या वर्षी फक्त फ्लीस ठेवा, आणि संपल्यावर जजला गाठून विचारा की माझी कुठे कमी पडली, इथले जज मोकळेपणाने सांगतात.

पैशाचं विचारलंत म्हणून सांगतो, भरड लोकरीला बाजारात बरीच वर्षं इतका कमी भाव होता की कातरायचा खर्चही निघत नव्हता, पण हातकताईवाल्यांना थेट विकली तर किलोमागे कितीतरी पट मिळतं, आणि शोमधलं बक्षिसाचं कार्ड लागलेली फ्लीस तर तिथल्या तिथेच जाते. यावर घर चालणार नाही, चारा-औषधाचा खर्च निघाला तरी पुरे.

वेदर बघायला जाल तेव्हा मालक खांद्याचीच लोकर उघडून दाखवेल, ती सगळ्यांचीच चांगली असते. तुम्ही मांडीची उघडा, दोन्ही शेजारी धरून बघा, फरक फार दिसला तर स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.